आतून कडी नव्हती

ऐकायला थोडा वेळ असेल तरच थांबा, मित्रांनो. मी एक जुना दरवाजा आहे. घरातली माणसे मला दार म्हणतात, पण बाहत्तर वर्षे एकाच चौकटीत काढल्यावर स्वतःला दरवाजा म्हणवून घ्यायला हरकत नसावी. असली तर दारच म्हणा. माझी तक्रार नाही. तक्रार करण्याचा हक्क मी फार पूर्वी गमावला आहे, आणि तो कसा गमावला तेच मला सांगायचे आहे. नीट सांगता येईल की नाही याची शंका वाटते. आम्हाला ऐकायची सवय असते, बोलायची नसते.

मला एका सुताराने घडवले. तेव्हा ते तरुण होते, पण पुढे सगळे त्यांना आबा म्हणू लागले, म्हणून मीही आबाच म्हणतो. घराच्या भिंती झाल्या होत्या, वर छप्पर आले होते, पण दाराच्या जागी गोणपाट लोंबत होते. आबांच्या बायकोला नववा महिना लागला होता. ती रोज म्हणायची, "सुताराच्या घराला दार नाही! ऐकणारा हसेल. बाळाने काय गोणपाट बाजूला सारून आत यायचं?"

आबांकडे चार चांगल्या फळ्या होत्या, पण त्या ओल्या होत्या. झाड कापून वर्षसुद्धा झाले नव्हते. आबांनी बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकून पाहिली. वाळलेले लाकूड खणखणीत वाजते, ओले बद्द वाजते. मी बद्द वाजलो. आबा थोडा वेळ मांडीवर हात ठेवून बसले. मग त्यांनी करवत उचलली.

म्हणजे माझ्यात जन्मापासून खोट होती, आणि ती घडवणाऱ्याला ठाऊक होती. पण दिसायला मी देखणा होतो. सांधे असे बसवले होते की नख शिरत नव्हते. मी चौकटीत उभा राहिलो त्याच महिन्यात आबांचा थोरला मुलगा जन्मला. सहा वर्षांनी धाकटा झाला. दोघेही माझ्या कडीला लोंबकळून मोठे झाले.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. घराच्या पुढच्या खोलीतच आबांचे काम चाले. कुणी गिऱ्हाईक आले की आबा बाकी काही दाखवत नसत. मला बंद करत आणि एका बोटाने उघडत. "बघा," म्हणत, "आवाज आला?" गिऱ्हाईक म्हणे, "मिस्त्री, मलाही असंच दार करून द्या." मुले हे बघत वाढली. आपल्या आबांचे दार कधी अडकत नाही, ही त्या घरातली सूर्य उगवण्याइतकी पक्की गोष्ट होती. शाळेत कुणाचे बाक डगमगले, वर्गाची खिडकी बसेना झाली, की धाकटा छाती पुढे काढून सांगे, "आमचे आबा असते तर असं झालंच नसतं."

खरे काय ते मला ठाऊक होते. दरवर्षी पावसाचे दिवस सुरू झाले की मी फुगायचो. हवेतला ओलावा माझ्या अंगात शिरायचा आणि मी चौकटीत घट्ट व्हायचो. त्यात घर जरा एका बाजूला खचत होते, चौकट तिरकी होत होती. मग एके दिवशी सगळे झोपेतून उठायच्या आत, उजाडता उजाडता, आबा रंधा घेऊन माझ्यापाशी येत. मला अर्धवट उघडे करून खाली पाचर मारत आणि माझ्या कडेवरून पापुद्र्याएवढा छिलका काढत. छिलके टोपीत गोळा करत आणि चुलीत घालत. एकदा बायकोने पाहिले.

"काय करताय?"

"धूळ झटकतोय."

"रंध्याने?"

आबांनी टोपी पाठीमागे नेली. ती हसली आणि पाणी भरायला गेली. तिने कुणाला सांगितले नाही. काही वर्षांनी ती वारली, आणि ही गोष्ट आबा आणि मी, एवढ्या दोघांतच उरली.

मित्रांनो, आबा वाईट नव्हते. त्यांची एकच खोड होती. जे चुकले ते ते गुपचूप दुरुस्त करत, आणि चुकले होते असे कधी म्हणत नसत. स्वतःचे चुकले तरी नाही, दुसऱ्याचे चुकले तरी नाही. दरवाज्याच्या बाबतीत ही खोड खपून गेली. मुलांच्या बाबतीत खपली नाही.

दोन्ही मुलगे सुतार झाले. थोरल्याचे काम बळकट असे, पण जरा जाडेभरडे. धाकट्याच्या हातात मात्र काहीतरी होते. लाकडावर नुसता तळवा ठेवून तो सांगे, हे इथे वाकणार, हे तिथे फुटणार. आबांना त्याचे कौतुक होते. ते बोलून दाखवत नसत, पण थोरल्याला दिसत होते. दिसल्यावाचून राहत नाहीत अशा गोष्टी असतात या.

एका वर्षी थोरल्याने एक मोठे कपाट केले. दोन महिने खपून, कुणाची मदत न घेता केले. गिऱ्हाइकाला द्यायच्या आदल्या दिवशी तो कपाट पुसत होता, आणि एकदम थांबला. सांधे त्याचे नव्हते. कुणीतरी ते उसवून, पटाशीने नव्याने कोरून, पुन्हा बसवले होते. फार सफाईने. तेवढ्या सफाईने काम करणारा हात त्या घरात एकच होता.

"हे तू केलंस?" थोरल्याने विचारले.

धाकट्याने मान खाली घातली. "आबांनी सांगितलं. तू सासुरवाडीला गेला होतास तेव्हा."

"माझं काम दुरुस्त करायला मी मेलो होतो का? मला सांगता येत नव्हतं?"

"मला काय बोलतोस, दादा? आबांना विचार की!"

दोघांनी आबांकडे पाहिले. आबा रंध्याचे पाते दगडावर घासत होते. ते घासतच राहिले. एक शब्द बोलले असते तर पुढचे सगळे टळले असते, असे मला आजही वाटते. "मीच सांगितलं, चुकलं माझं," एवढेच. पण आबांनी पात्याची धार अंगठ्यावर तपासली आणि पुन्हा घासायला घेतले.

मग थोरला खूप बोलला. चोर म्हणाला, लाडावलेला म्हणाला. धाकट्याने आपली हत्यारे पिशवीत भरली, बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेतले आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केले. जाताना त्याने मला हळूच ओढून घेतले. आपटले नाही. मला ते आपटण्यापेक्षा जास्त लागले. कपाट थोरल्याने गिऱ्हाइकाला दिलेच नाही. ते पुढच्या खोलीत तसेच पडून राहिले.

आता मी त्या दुपारपाशी आलो. इथे माझी जीभ जड होते. म्हणजे जीभ असती तर झाली असती.

आठ महिने गेले. आबा आजारी पडले आणि अंथरुणाला खिळले. पावसाचे दिवस आले. त्या वर्षी माझ्या कडेवरून छिलका निघाला नाही, कारण काढणारा हात अंथरुणावर पडून होता, आणि दुसऱ्या कुणाला ते काम ठाऊकच नव्हते. मी फुगत गेलो. चार दिवस संततधार होती, समोरच्या रस्त्यावर पाणी साचले होते, म्हणून घरातले सगळे मागच्या दाराने, सात पायऱ्या उतरून ये-जा करत होते. मला कुणी हात लावला नाही. मी चौकटीत घट्ट बसत गेलो आणि कुणाला कळले नाही.

आबांची खाट माझ्यापासून दहा पावलांवर होती. थोरला उशाशी बसला होता. त्याची बायको मुलाला घेऊन औषध आणायला गेली होती. तेव्हा रस्त्यावरच्या पाण्यातून चालत कुणीतरी आले आणि माझ्यावर तळवा टेकला. तो हात मी ओळखला. धाकट्याला आबांच्या आजाराचे कळले होते. तो आला होता.

त्याने मला ढकलले. मी हललो नाही. दिवसा आमच्याकडे कधी कडी लावत नसत, हे त्याला पाठ होते. त्याने पुन्हा ढकलले, मग तिसऱ्यांदा. मी अंग चोरायचा प्रयत्न केला, मित्रांनो. पण लाकडाला अंग चोरता येत नाही.

आत आबांनी डोळे उघडले. "कोण आहे रे?"

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. त्याला आवाज आला होता. कुणाचा हात आहे तेही त्याला कळले होते; भाऊ होते ते. तो उठला नाही.

"वारा आहे, आबा," तो म्हणाला.

"बरं," आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "ते दार बघ रे जरा. या दिवसांत ते..."

"बोलू नका आबा. दम लागेल."

आबा गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपली आणि माझी चूक कुणाला तरी सांगणार होते. ती अर्धीच राहिली. बाहेर पाण्यातली पावले दूर गेली. चार दिवसांनी आबा गेले.

त्यांना न्यायच्या वेळी माणसांनी मला उघडायला घेतले आणि मी उघडलो नाही. तिघांनी जोर लावला तरी नाही. शेवटी आबांना मागच्या दाराने, त्या सात पायऱ्या सांभाळत, न्यावे लागले. ज्यांनी मला घडवले त्यांना मी माझ्यातून जाऊ दिले नाही. याहून मोठी नालायकी दरवाज्याला कुठली असते? धाकटा परस्पर स्मशानात गेला, त्यामुळे त्याला हे दिसले नाही. थोरला मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी अडकलो होतो हे त्याला तेव्हा कळले. धाकट्याला काय वाटले असेल, तेही कळले असणार.

दोन दिवसांनी धाकटा रस्त्यावर येऊन उभा राहिला. चार शेजारी जमले होते. तो ओरडला, "आतून कडी लावलीस! आबांना जिवंतपणी शेवटचं बघू दिलं नाहीस मला!"

थोरल्याने मागच्या बाजूने पुढे येत विचारले, "तू आला होतास कधी?"

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग पाठ फिरवून निघून गेला. त्या दिवसापासून चौतीस वर्षे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

पाऊस संपला, मी वाळलो, आपोआप मोकळा झालो. पण थोरल्याने ते कपाट सरकवून माझ्या आतल्या बाजूला लावले. बाहेरून लोक माझ्यावर जाहिराती चिकटवू लागले. माझा रंग उडाला. खालच्या कोपऱ्यात वाळवी लागली. मला त्याचे काही वाटले नाही. उलट बरेच वाटले. ज्याने इतके नुकसान केले त्याला कुणी रंग का द्यावा?

दिवस गेले. थोरल्याची बायको वारली. मुलगा नोकरीसाठी महिन्यातले वीस दिवस बाहेर असे. घर सून सांभाळी. फटकळ बाई, पण मनाने चांगली. थोरल्याचे गुडघे गेले, तो वॉकर धरून चालू लागला, आणि मागच्या सात पायऱ्या त्याला डोंगरासारख्या झाल्या.

"बाबा, पुढचं दार उघडू या," सून म्हणाली. "तिकडे एकही पायरी नाही."

"ते उघडत नाही."

"सुताराच्या घरचं दार उघडत नाही! मग शिंप्याने काय उघडं हिंडायचं?"

"सोड तो विषय."

तिने विषय सोडला आणि सुताराला फोन केला. आली ती एक बाई, पस्तिशीची, खांद्यावर हत्यारांची पिशवी. सुनेच्या ऑफिसातले टेबल तिने केले होते. बोलता बोलता ती म्हणाली होती की तिच्या आजोबांचे घर याच रस्त्यावर आहे, कायम बंद दाराचे. सुनेने तेव्हाच काय ते ओळखले होते. मात्र घरी येऊन चकार शब्द काढला नव्हता.

दोघींनी मिळून कपाट बाजूला ओढले. चौतीस वर्षांनी माझ्या आतल्या अंगावर उजेड पडला. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"कडी कुठे लावलीय?" ती म्हणाली. "कडी तर नुसती लोंबतेय."

वॉकर धरून उभा असलेला थोरला म्हणाला, "कडी मी कधीच लावली नव्हती. दार अडकलं होतं." थोडे थांबून म्हणाला, "तू कुणाची, पोरी?"

"मी तुमच्या धाकट्या भावाची, काका."

सुनेने खुर्ची पुढे केली, तसा तो बसला.

मग तिने माझ्या कडेवरून बोटे फिरवली. सावकाश, वरून खालपर्यंत. हात बापाचा होता. "हे बघा," ती म्हणाली, "इथे रंधा मारलाय. एकदा नाही, कितीतरी वर्षं. प्रत्येक वेळी नखाएवढं. हे दार दर पावसाळ्यात फुगत असणार, आणि कुणीतरी ते तासत असणार."

"आबांचं दार फुगत नाही," थोरला म्हणाला. सवयीनेच म्हणाला. मग त्याने स्वतः कडेवर हात ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या बाईने तिथूनच फोन लावला. "पप्पा, कडी नव्हती हो! दार फुगलं होतं. आजोबा दरवर्षी तासायचे. त्या वर्षी आजारी होते ना, म्हणून राहिलं. काकांना कळलंच नसेल तुम्ही आला होता ते!" सून पदराने डोळे पुसत हसत होती. थोरला तेवढा हसत नव्हता.

तो का हसत नव्हता हे फक्त मला ठाऊक होते. सगळा दोष माझ्या नावावर लागला होता. आणि खरे सांगतो मित्रांनो, मला तो घ्यायला आवडला असता. दोन म्हातारे भाऊ एकत्र येत असतील तर दरवाज्याने बदनाम व्हायला काय हरकत आहे? थोरल्याने फक्त गप्प राहायचे होते. चौतीस वर्षे जे केले तेच.

पुढच्या रविवारी दुपारी धाकटा आला. तोवर त्याच्या लेकीने मला तासून, नव्या बिजागऱ्या लावून मोकळे केले होते, आणि सुनेने मुद्दाम सताड उघडे ठेवले होते. धाकटा उंबरठ्यापाशी जरा थांबला, मग आत आला.

"ये," थोरला म्हणाला.

"आलो."

"बस. गुडघे कसे आहेत तुझे?"

"आहेत. तुझे?"

"माझेही आहेत."

सून आणि लेक एकदम हसल्या. चहा आला. धाकटा मोकळा झाला होता, भरभर बोलत होता. "दादा, चौतीस वर्षं मी तुला नाही नाही ते बोललो. पोरीला गोष्ट सांगायचो ना, त्यातला राक्षस तूच असायचास. विचार तिला! आणि शेवटी निघालं काय, तर सगळा दोष या लाकडाचा!" त्याने हात मागे नेऊन माझ्यावर एक थाप मारली.

थोरल्याने हातातल्या चहाला तोंड लावले नव्हते.

"चहा निवतोय, बाबा," सून म्हणाली.

"दार अडकलं होतं, हे खरं आहे," थोरला म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी."

"पण मी ऐकलं होतं."

"काय ऐकलं होतंस?"

"तुझा हात. तीनदा. मी आबांच्या उशाशी होतो. तू आहेस हे कळलं होतं मला." त्याने कप खाली ठेवला. "आबांनी विचारलं, कोण आहे. मी म्हणालो, वारा आहे."



"आणि रस्त्यावर सगळ्यांसमोर मला विचारलंस, कधी आला होतास म्हणून," धाकटा म्हणाला.

"हो."

"ठाऊक असून."

"हो."

"का पण, दादा?"

थोरल्याने कपाटाकडे बोट केले. ते आता भिंतीला टेकून उभे होते. "त्यामुळे. तू माझं काम उसवलंस, आणि आबा गप्प बसले. मला वाटलं, एकदा यानेही बाहेर उभं राहून बघावं कसं वाटतं. हाक मारलीस तर उठेन, असं ठरवून बसलो होतो. तू हाक मारली नाहीस."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही रे. मी उठायला हवं होतं. दहा पावलं होती."

धाकटा उठला. तो माझ्यापाशी आला आणि माझ्याकडे तोंड, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याने तळवा माझ्यावर ठेवला. मला वाटले, आता तो मला आपटणार. त्याने लेकीला विचारले, "पोरी, कडी लावलेलं दार ढकललं तर काय होतं?"

"कडीपाशी धरतं," ती म्हणाली. "वर-खाली हलतं, खडखडतं."

"आणि फुगलेलं?"

"मुकं असतं. भिंत ढकलल्यासारखं..." ती थांबली. "पप्पा, म्हणजे तुम्हाला तेव्हाच..."

"हाताला कळलं होतं. पहिल्याच धक्क्याला. पण आबांचं दार अडकतं हे मानायला मन तयार होईना, आणि दादाने कडी लावली हे मानायला लगेच तयार झालं. सोयीचं होतं ना ते. राग कायम ठेवता येत होता." त्याने माझ्यावरचा तळवा काढून घेतला. "खांदा लावला असता तर उघडलं असतं. सुतार माणूस मी. मी खांदा लावला नाही. आत आबा मरत होते आणि मी खांदा लावला नाही."

मग तो म्हणाला, "दादा, मला आज इथे बसवत नाही," आणि गेला. लेक पिशवी उचलून मागोमाग गेली.

सून रडायलाच लागली. "कशाला बोललात, बाबा? सगळं जुळून आलं होतं!"

"त्याने दाराला माफ केलं होतं गं," थोरला म्हणाला. "मला कुठे केलं होतं?"

दोन रविवार कुणी आले नाही. थोरला दुपारी खुर्ची माझ्याकडे तोंड करून ठेवी आणि हातात पेपर धरी. पान उलटलेले मी पाहिले नाही.

तिसऱ्या रविवारी चारच्या सुमाराला माझ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक झाली. सून आतून धावत आली.

"थांब," थोरला म्हणाला. "तू नको. मी उठतो."

त्याने वॉकर ओढला. एक हात, दुसरा हात, मग गुडघे. एका झटक्यात जमले नाही, पुन्हा बसला, पुन्हा उठला. खुर्चीपासून माझ्यापर्यंत पोहोचायला त्याला पुरी दोन मिनिटे लागली. बाहेर धाकटा उभा होता. मला कडी लावलेली नव्हती, आता मी अडकतही नव्हतो. जरा ढकलले असते तर उघडलो असतो. त्याने ढकलले नाही. आतून येणारा वॉकरचा आवाज ऐकत तो उभा राहिला. थोरल्याने मला उघडले.

आता तो दर रविवारी येतो आणि दर रविवारी असेच होते. फार गोड काही घडत नाही, मित्रांनो. दोघे बसतात. बराच वेळ बोलतच नाहीत. मध्येच एखादा जुना काटा वर येतो आणि आवाज चढतात. मागच्या खेपेला थोरल्याने विचारले, "त्या कपाटाचे सांधे खरंच वाईट होते का रे?"

"होते."

"फार?"

"फार नाही. पण होते."

थोरला जरा वेळ घुश्शात बसला. मग म्हणाला, "मला दाखव कुठे ते." दोघे कपाटापाशी गेले आणि संध्याकाळपर्यंत वाद घालत राहिले. आबांना यातले काहीच बघायला मिळाले नाही. ते मी विसरत नाही, आणि ते दोघेही विसरत नसावेत. माझ्यावरून नजर गेली की दोघांचेही शब्द जरा अडखळतात. त्या दुपारी मी दोन सूत कमी फुगलो असतो तर, हा विचार माझ्या फळ्यांतून जात नाही. तो जावा अशी माझी अपेक्षाही नाही.

एवढेच सांगायचे होते. पावसाआधी घरातली दारे उघडून-मिटून बघत जा. कुठे घट्ट होत असतील तर वेळीच तासून घ्या, आणि तासले असेल तर घरच्यांना सांगा. त्यात कमीपणा नाही. बाहेर असाल आणि दार हलले नाही, तर लगेच रागावून परत फिरू नका, एकदा खांदा लावून बघा. आणि आत असाल, बाहेर कुणाचा हात आहे हे ओळखू आले, तर तो कितीही नावडता असला तरी उठा. मला उठता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.